तिमिरातील ‘अव्यक्त’ दर्शन आणि दृष्टिपटलाची भेदग्रहणशक्ती

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात दृष्टिगत रोगांचे वर्णन करताना प्रथम पटलाच्या अवस्थेविषयी फार थोडे सांगितले आहे. दोष प्रथम पटलात स्थित असता रुग्णास सर्व रूपे अव्यक्त दिसतात, एवढेच. द्वितीय पटलात दोष पोहोचला की माश्या, डास, केस, जाळी यांचे भास, दूरचे जवळ व जवळचे दूर वाटणे, प्रयत्न करूनही सुईचे नेढे न दिसणे, अशी लक्षणांची रांगच लागते. पदवीच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी ती घोकली आहे. परीक्षेत द्वितीय-तृतीय पटलाची लक्षणे लिहिताना हात भरभर चालत असे. प्रथम पटलापाशी मात्र एका ओळीत विषय संपत असे, आणि त्या ओळीकडे पुन्हा पाहण्याचे कारणही कोणास वाटत नसे.

वस्तुतः चिकित्सकाच्या दृष्टीने तीच ओळ सर्वांत मोलाची आहे. अव्यक्त म्हणजे न दिसणे नव्हे. रूप दिसते, परंतु पार्श्वभूमीपासून सुटे होत नाही. आपल्या बोलीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: वस्तू ‘उठून दिसत नाही’. आधुनिक नेत्रविज्ञान ज्यास कॉन्ट्रास्ट म्हणते, म्हणजे उजळ व काळोख्या भागांतील सापेक्ष भेद, त्याचे ग्रहण मंदावणे हाच याचा अर्थ घ्यावा लागतो. हे भेदग्रहण डोळ्याच्या आतील चेतापेशी कसे करतात याचे ज्ञान गेल्या शतकात बरेच स्पष्ट झाले असून, आपल्या दैनंदिन रुग्णपरीक्षेशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रकाशाचे माप नव्हे, भेदाचे माप

भर दुपारी अंगणात वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य डोळ्यांसमोर आणावा. कडक उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. छापील काळी शाई त्यातील ५ टक्के परावर्तित करते असे धरले, तर अक्षराकडून ५,००० एककांइतका प्रकाश डोळ्यात येतो. तोच कागद घरात दिव्याखाली नेला, तेथे ३०० लक्स प्रकाश आहे आणि पांढरा कागद त्यातील ७० टक्के परावर्तित करतो, तर पांढऱ्या भागाकडून अवघे २१० एकक येतात. म्हणजे उन्हातील काळे अक्षर घरातील पांढऱ्या कागदाच्या वीस पटींहून अधिक तेजस्वी असते. तरीही ते आपणास काळेच दिसते! डोळा जर प्रकाश मोजणारे यंत्र असता, तर हे कधीच घडले ना.

हळदीच्या बाजारात वावरणाऱ्यांना हे तत्त्व सांगावे लागत नाही. दोन ढिगांतील रंगाचा फरक त्यांस शेजारी शेजारी ठेवले असता तत्काळ कळतो. एक ढीग सकाळी आणि दुसरा सायंकाळी पाहिला तर जाणकार व्यापारीही फसतो. दृष्टिपटल हेच करते. प्रत्येक बिंदूचा प्रकाश शेजारच्या बिंदूंच्या प्रकाशाशी ताडून पाहते आणि फरक तेवढा मेंदूस कळविते.

असे करण्यावाचून त्यास गत्यंतरही नाही. चांदण्या रात्रीपासून भर उन्हापर्यंत प्रकाशाचे प्रमाण लाखो पटींनी बदलते. याउलट एक चेतातंतू सेकंदास फार तर काहीशे स्पंद पाठवू शकतो. शिवाय मार्गही अरुंद आहे. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात ९ ते १२ कोटी दंडाकार पेशी आणि ४५ ते ६० लाख शंक्वाकार पेशी प्रकाश ग्रहण करतात. परंतु दृष्टिनाडीतून मेंदूकडे जाणारे तंतू आहेत केवळ १० ते १२ लाख. सर्व काही जसेच्या तसे पाठविणे अशक्य असल्याने जे शेजाऱ्यासारखेच आहे ते गाळून टाकावे लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी लाफलिन व डब्ज यांच्यासह १९८२ मध्ये हा विचार गणिताने मांडला. शेजारच्या पेशींवरून एखाद्या बिंदूचा प्रकाश किती असावा याचा अंदाज बांधायचा, तो प्रत्यक्षातून वजा करायचा आणि उरलेले अनपेक्षित तेवढेच पुढे धाडायचे, असे त्याचे सार आहे.

शेजाऱ्यास दाबणारी पेशी

या वजाबाकीचा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो लिम्युलस या समुद्री जीवाच्या डोळ्यातून. अमेरिकेत हार्टलाइन आणि रॅटलिफ यांनी १९५० च्या दशकात त्या डोळ्याच्या एका घटकावर प्रकाश टाकून त्याचे स्पंद मोजले. नंतर शेजारच्या घटकावरही प्रकाश टाकला. पहिल्याचे स्पंद वाढण्याऐवजी कमी झाले. दोघे परस्परांस दाबत होते. जेथे उजेड व सावली यांची सीमा असते तेथे उजेडातील पेशीस एका बाजूचा शेजारी कमी दाबतो, म्हणून ती अधिक जोराने बोलते. सावलीतील पेशीस उजेडातील शेजारी अधिक दाबतो, म्हणून ती अधिक गप्प होते. परिणामी कडा ठळक होते. सीमेलगत नसलेल्या उजळ व काळ्या पट्ट्यांचा भास होतो, हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच सांगितले होते; त्याची शरीरक्रिया उलगडण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. हार्टलाइन यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक ग्रॅनिट व वॉल्ड यांच्यासमवेत मिळाले.

मनुष्याच्या व इतर पृष्ठवंशीय प्राण्यांच्या दृष्टिपटलात हे कार्य प्रामुख्याने क्षैतिज पेशींकडे आहे. प्रकाशग्राही पेशी आणि त्यांच्या पुढील द्विध्रुवी पेशी यांच्या सांध्यावर त्या आडव्या पसरलेल्या असतात व आसपासचा सरासरी प्रकाश लक्षात घेऊन संदेश आवरतात. त्यापुढील थरात अमॅक्राइन पेशी काळाच्या संदर्भात, म्हणजे हालचाल व बदल यांच्या संदर्भात, असेच काम करतात. अखेरीस गुच्छिका पेशी येतात. त्यांचेच तंतू एकत्र येऊन दृष्टिनाडी बनते. कुफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या डोळ्यात दाखविले की प्रत्येक गुच्छिका पेशीचे एक लहानसे वर्तुळाकार क्षेत्र असते. काहींत मध्यभागी प्रकाश पडला की स्पंद वाढतात आणि भोवतालच्या कड्यावर पडला की घटतात. काहींत नेमके उलट. संपूर्ण क्षेत्रावर सारखाच प्रकाश पडला तर पेशी जवळपास उदासीन राहते. कोऱ्या भिंतीविषयी मेंदूस सांगण्याजोगे तिच्यापाशी काही नसते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवितो. काळोख हा प्रकाशाचा अभाव, म्हणून काळोखाचा संदेश नसणारच, असे आपण गृहीत धरतो. दृष्टिपटल तसे मानत नाही. उजळपणासाठी एक आणि काळेपणासाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र मार्ग द्विध्रुवी पेशींपासूनच फुटतात. पांढऱ्या कागदावरील काळे अक्षर आपण ‘पाहतो’ ते या दुसऱ्या मार्गाने. शिलर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये माकडांच्या डोळ्यात औषध घालून पहिला मार्ग बंद केला, तेव्हा त्यांना पार्श्वभूमीहून उजळ ठिपका ओळखणे अवघड झाले, काळा ठिपका मात्र पूर्ववत ओळखता येत होता.

काळोखातील पेशी आणि नक्तान्ध्य

प्रकाशग्राही पेशींचे वर्तनही अपेक्षेच्या उलट आहे. त्या काळोखात जाग्या असतात. काळोखात त्यांच्या आवरणातील मार्गिका उघड्या राहून विद्युत्प्रवाह अखंड वाहतो आणि ग्लुटामेट हे रसायन पुढील पेशीवर सतत स्रवत राहते. प्रकाश पडला की ऱ्होडॉप्सिन या रंजकातील अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू आपला आकार बदलतो, त्यातून क्रियांची साखळी सुरू होते, फॉस्फोडायएस्टरेज-६ हे विकर मार्गिका उघड्या ठेवणारा पदार्थ नष्ट करते, मार्गिका मिटतात आणि स्राव घटतो. प्रकाशाची वार्ता स्राव थांबण्यातून जाते! ही व्यवस्था विलक्षण सूक्ष्म आहे. हेक्ट, श्लेअर व पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखविले की दंडाकार पेशींत प्रकाशाचे अवघे ५ ते १४ कण शोषले गेले तरी मनुष्यास प्रकाशाची जाणीव होते.

औंढा नागनाथास जाणाऱ्या प्रत्येकाने याचा अनुभव घेतला आहे. दुपारी मंदिराच्या प्रांगणातील उन्हातून आत शिरून, अरुंद वाटेने खाली भूमिगत गाभाऱ्यात उतरताना प्रथम काहीच दिसत नाही. हळूहळू समईच्या उजेडात पिंड, मग भिंत, मग शेजारचा मनुष्य दिसू लागतो. शंक्वाकार पेशी आठ-दहा मिनिटांत आपली मर्यादा गाठतात. दंडाकार पेशींस पूर्ण सरावण्यास अर्धा तास वा अधिक काळ लागतो. तेवढ्यात आपण दर्शन घेऊन बाहेरही आलेले असतो. या अवधीत आणखी एक बदल घडतो. बार्लो, फिट्झह्यू व कुफ्लर यांनी १९५७ मध्ये दाखविल्यानुसार गाढ काळोखात गुच्छिका पेशींच्या भोवतालच्या कड्याचा दाब जवळजवळ नाहीसा होतो. वजाबाकी थांबते आणि बेरीज सुरू होते; मिळेल तो कण गोळा केला जातो. म्हणून मंद उजेडात पिंड दिसते, पण तिच्यावरील बेलाचे पान सुटे दिसत नाही.

हे समजले की नक्तान्ध्याच्या रुग्णास एकाच औषधाने मोजण्याची सवय सोडावी लागते. रात्री न दिसण्याचे कारण निदान तीन निरनिराळ्या जागी असू शकते. पहिले, रंजकच नाही: अ जीवनसत्त्वाचा अभाव. सुश्रुतोक्त छागयकृताचा प्रयोग येथे यथार्थ आहे, कारण यकृत हा अ जीवनसत्त्वाचा संपन्न साठा होय. दुसरे, दंडाकार पेशीच क्रमाक्रमाने नष्ट होत आहेत, जसे रेटिनायटिस पिग्मेंटोझा या विकारात. मराठवाड्यात मामा-भाची व आते-मामे भावंडांचे विवाह अपरिचित नाहीत. अशा कुटुंबांत जनुकीय विकार संततीत प्रकट होण्याची शक्यता वाढते. म्हणून दहा-बारा वर्षांचे मूल सायंकाळी ठेचाळते अशी तक्रार आली तर आईवडिलांचे नाते विचारलेच पाहिजे. तिसरे, रंजक आहे, पेशीही आहेत, परंतु द्विध्रुवी पेशीचा उजेड-मार्ग जन्मतःच मुका आहे. या बालकाची दृष्टी वर्षानुवर्षे तशीच राहते, वाढतही नाही व घटतही नाही. पहिल्यास यकृत-घृतादी उपचार काही दिवसांत गुण देतात. दुसऱ्या-तिसऱ्यास महिनोन्महिने देत राहिल्यास पालकांचा पैसा व काळ जातो, आणि दुसऱ्यात तर नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचण्याचा मौल्यवान अवधीही.

आलोचक पित्ताविषयी थोडेसे

आपल्या व्यासपीठांवर आलोचक पित्त म्हणजे ऱ्होडॉप्सिन, असे समीकरण वारंवार मांडले जाते. टाळ्या मिळतात. मला ते घाईचे वाटते. ऱ्होडॉप्सिन प्रकाश पकडते, परंतु रूप ओळखण्यास तेवढे पुरत नाही हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. रूप निर्माण होते ते पेशींच्या परस्पर-नियंत्रणातून, आणि तो व्यापार पित्तापेक्षा वाताच्या नियंता-प्रणेता या भूमिकेशी अधिक जुळतो असे कोणी म्हटल्यास त्यालाही उत्तर देणे कठीण जाईल. भेलसंहितेने आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद केले, म्हणजे पाहणे आणि पाहिलेले जाणणे यांत अंतर आहे हे त्या काळीही जाणवले होते. एवढे म्हणून थांबावे. शब्दास शब्द चिकटविल्याने ना ग्रंथाचे मोल वाढते ना विज्ञानाचे.

अक्षरतक्ता जे सांगत नाही

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात भिंतीवर स्नेलन यांचा तक्ता असतो. १८६२ मध्ये तयार झालेल्या या तक्त्याने नेत्रपरीक्षेस शिस्त लावली, यात शंका नाही. परंतु त्यातील प्रत्येक अक्षर शुभ्र पार्श्वभूमीवर गडद काळे असते. भेद पूर्ण ठेवून आकार तेवढा लहान करीत जाणारी ही परीक्षा आहे. प्रत्यक्ष जीवनात आकार मोठा आणि भेद कमी असेच प्रसंग अधिक येतात: संधिप्रकाशातील उंबरा, डांबरी रस्त्यावर बसलेली म्हैस, खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा.

मधुमेहाच्या एका प्रौढ महिलेने मला सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, तुमची अक्षरं समदी दिसतेत, पण सांजच्याला पायरी घावत नाही.” तक्त्यावर तिची दृष्टी उत्तम होती. अशा रुग्णास ‘वयोमानाने होते’ असे सांगून परत पाठविण्याचा मोह होतो. मधुमेहात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दृश्य विकृती प्रकट होण्यापूर्वीही चेतापेशींचे कार्य व भेदग्रहण मंदावू शकते, हे आता मान्य झाले आहे. काचबिंदूत गुच्छिका पेशी हळूहळू मरतात आणि बऱ्याच उशिरापर्यंत रुग्ण तक्त्यावरील शेवटची ओळ वाचून दाखवितो. मोतीबिंदूतही प्रकाश विखुरल्याने भेद धुरकटतो. मात्र तेथे दोष भिंगाचा असतो, पडद्याचा नव्हे.

भेद मोजणारा तक्ता उपलब्ध आहे. पेली व रॉबसन यांनी १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात सर्व अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असून तीन-तीन अक्षरांच्या गटागणिक त्यांचा काळेपणा फिका होत जातो; एक मीटरवरून वाचून घ्यावयाचा. हा तक्ता जवळ नसला तरी प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. पांढऱ्या कपात दूध ओतताना काठ कळतो का, आणि त्याच कपात कोरा चहा ओतताना? पहिल्यात चुकणारा व दुसऱ्यात न चुकणारा रुग्ण आपली व्यथा स्वतःच सांगून जातो. अशांस बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासण्यासाठी पाठवावे, मग तक्त्यावरील नोंद काहीही असो.

यातून आपल्या संशोधनाविषयीही एक मुद्दा निघतो. तिमिरात त्रिफळाघृत, सप्तामृत लोह, तर्पण यांचा उपयोग तपासणारे अभ्यास परिणामाचे माप म्हणून बहुधा अक्षरतक्ताच घेतात. प्रथम पटलातील अव्यक्त दर्शनावर औषध काय करते, हे ज्या मापाने कळू शकत नाही त्याच मापाने औषध जोखायचे, हा प्रकार चमत्कारिक आहे. गुण आला असेल तर तो दिसणार नाही, आला नसेल तर तेही कळणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांनी भेदग्रहणाची नोंद प्रबंधाच्या आराखड्यात समाविष्ट करावी, ही विनंती.

औषधालयचालकांसाठी

फॉस्फोडायएस्टरेज-६ चा उल्लेख वर आला. सिल्डेनाफिल हे औषध मुख्यतः त्याच कुळातील पाचव्या विकरास रोखते, पण काही अंशी सहाव्यासही रोखते. म्हणून ते घेणाऱ्या काहींना तासाभरात सर्वत्र निळसर छटा दिसते वा प्रकाश बोचतो. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ चूर्ण-वट्यांत हेच रसायन गुपचूप मिसळल्याचे देशोदेशींच्या तपासण्यांत आढळले आहे. कोणी ग्राहक असे चूर्ण घेतल्यावर निळे दिसते असे सांगू लागला, तर ती अश्वगंधेची वा कवचबीजाची करामत नव्हे. तो माल विक्रीतून काढावा, अन्न व औषध प्रशासनास कळवावे आणि तो ग्राहक हृदयविकारासाठी नायट्रेट घेत नाही ना, हे तत्काळ विचारावे. त्या दोहोंच्या संयोगाने रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत उतरतो.

क्षयरोगाचा रुग्ण

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक वैद्याच्या दारी येणारा आहे. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून दैनंदिन औषधयोजना देशभर लागू झाली आणि इथॅम्ब्युटॉल हे औषध, जे पूर्वी नव्या रुग्णांस पहिले दोन महिनेच दिले जाई, ते पुढील चार महिनेही चालू राहू लागले. क्षयाविरुद्ध त्याचे कार्य आवश्यक आहे. परंतु काही थोड्या रुग्णांत ते गुच्छिका पेशी व दृष्टिनाडी यांस बाधा करते. मात्रा अधिक असल्यास, औषधाचा काळ लांबल्यास किंवा वृक्कांचे कार्य मंद असल्यास हा धोका वाढतो. आरंभी लाल-हिरव्या रंगांतील भेद पुसट होतो, वस्तू फिकट भासतात; अक्षरे त्यानंतर जातात. वेळीच लक्षात येऊन औषध थांबले तर दृष्टी बहुधा परतते, उशीर झाल्यास परतेलच असे नाही.

असा रुग्ण भूक व बल वाढविण्यासाठी च्यवनप्राश वा द्राक्षासव घ्यायला आपल्याकडे येतो आणि बोलण्याच्या ओघात “जरा अंधुक वाटते” म्हणतो. कित्येकदा ही तक्रार प्रथम आपल्याच कानी पडते. औषध आपण बंद करावयाचे नाही. अर्धवट सुटलेला क्षय अधिक भयंकर होतो. त्याच दिवशी चिठ्ठी लिहून त्यास उपचार देणाऱ्या केंद्रातील डॉक्टरांकडे धाडावे, व चिठ्ठीत केवळ ‘दृष्टी मंद’ असे न लिहिता रंग फिके दिसतात का, कधीपासून, किती जलद वाढले, हे नोंदवावे. एका डोळ्याने लाल वस्तू पाहून दुसऱ्याशी ताडण्याची युक्ती येथे फसते, कारण या विकारात बहुधा दोन्ही डोळे एकाच वेळी बाधित होतात आणि तुलना करण्यास निरोगी डोळा उरत नाही. त्यासाठी उपचार सुरू होतानाच दोन्ही डोळ्यांची अक्षरदृष्टी व रंगदृष्टी तपासून ती रुग्णाच्या पत्रकावर दिनांकासह लिहिलेली असावी लागते. आपल्याकडे येणाऱ्या क्षयरुग्णाच्या पत्रकावर ही नोंद आहे का, हे पहिल्याच भेटीत पाहून घ्यावे.